एक संख्या आणि तीन प्रमाणें

“अमुक गोष्ट मला ठाऊक आहे,” हें वाक्य आपण दिवसांतून किती वेळां उच्चारतों याची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. ती ठेविली तर, फारच थोड्या प्रसंगीं तें वाक्य उच्चारण्याचा खराखुरा अधिकार आपणांस होता, असें आढळून येईल. पृथ्वी सूर्याभोंवतीं फिरते हें सुशिक्षित घरांतील दहा वर्षांच्या मुलालाहि ठाऊक असतें. परंतु तें कशावरून, असें विचारलें असतां तो मुलगाच काय, पण त्याचा पदवीधर बापहि बहुधा पुस्तकाकडे बोट दाखवील. असत्य भाषणाच्या दोषाविषयीं आपल्या नीतिग्रंथांत पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. पण जें खरें आहे कीं नाहीं हें आपण पाहिलेलें नाहीं, तें खरें म्हणून दुसऱ्यास सांगणें हा दोष आहे कीं नाहीं, आणि असल्यास तो कोठें सुरू होतो, या प्रश्नाकडे त्या मानानें कमी लक्ष दिलें जातें. तो प्रश्न आज वाचकांपुढें मांडावा असा आमचा विचार आहे.

उदाहरण म्हणून आम्हीं एक संख्या निवडली आहे, आणि ती मुद्दामच निवडली आहे. धर्म, राजकारण किंवा इतिहास यांतील उदाहरण घेतलें कीं वाचकाचे रागलोभ आधीं जागे होतात आणि विचार मागें राहतो. एकवीस अंकांच्या संख्येविषयीं कोणाला प्रेमहि नसतें आणि वैरहि नसतें. तिच्याविषयीं केलेलें विधान खोटें ठरलें तर कोणाच्या कुळाला, पंथाला वा पक्षाला कमीपणा येत नाहीं. असें असूनहि या संख्येविषयींचें एक खोटें विधान सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दोन ही संख्या सदुसष्ट वेळां मांडून त्या सर्वांचा गुणाकार करावा व आलेल्या फळांतून एक वजा करावा. उरते ती संख्या अशी: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या घरांत धान्याचा एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दुप्पट करीत चौसष्टाव्या घरापर्यंत जावयाचें, ही गोष्ट लहानपणीं सर्वांनीं ऐकलेली असते. त्या गोष्टींतील राजाला जे दाणे पुरवितां आले नाहींत, त्यांच्या सुमारें आठपट ही संख्या आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एक, दश, शत अशा क्रमानें जीं अठरा स्थानांचीं नांवें दिलीं आहेत, त्यांतील शेवटचें नांव परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यें. आमची संख्या असे चौदाशें पंचाहत्तर परार्ध ओलांडून पुढें जाते. तेव्हां ती मोठी आहे खरी. पण ती अनंत नव्हे. कागदाच्या एका ओळींत ती मावते, आणि शाळेंतील एखादा चिकाटीचा मुलगा दुप्पट करीत करीत ती स्वतः मिळवूं शकतो. तिची अडचण निराळीच आहे. ती लिहितां सहज येते, परंतु तिच्या पोटांत काय आहे तें सहज कळत नाहीं.

ज्या संख्येस एक व ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भाग जात नाहीं ती मूळ संख्या. जिला असा भाग जातो ती संयुक्त. दोनाच्या घातांतून एक वजा करून होणाऱ्या संख्यांकडे गणितज्ञांचें लक्ष प्राचीन काळापासून आहे. अशी संख्या मूळ असेल तर तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या तयार करतां येते, म्हणजे स्वतःखेरीज सर्व भाजकांची बेरीज जिच्या इतकीच येते अशी संख्या, हें युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागांत सिद्ध केलें आहे. ६ आणि २८ या अशा संख्या होत. घातांक संयुक्त असेल तर आपली संख्याहि संयुक्तच असते, एवढें सहज दाखवितां येतें. घातांक मूळ असेल तर मात्र पुढचें भाकित करवत नाहीं. २, ३, ५, ७ हे घातांक घेतले तर ३, ७, ३१, १२७ या मूळ संख्या येतात. आतां हें असेंच चालणार असें वाटूं लागतें, तोंच ११ हा घातांक घेतल्यावर २०४७ येते आणि तिचे २३ व ८९ असे दोन अवयव पडतात. मग घातांक ६७ घेतला तर काय?

या प्रश्नाचें पहिलें उत्तर १६४४ सालीं मिळालें. पॅरिस येथें राहणाऱ्या मर्सेन नांवाच्या ख्रिस्ती संन्याशानें त्या सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशी यादी दिली कीं, २५७ पर्यंतच्या घातांकांपैकीं २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ व २५७ हे अकराच घातांक मूळ संख्या देतात. मर्सेन हा सामान्य पुरुष नव्हता. फर्मा, देकार्त यांसारख्यांशीं त्याचा पत्रव्यवहार असे. शास्त्रीय नियतकालिकें निघण्यापूर्वीच्या त्या काळांत एकाचा शोध दुसऱ्यास कळविण्याचें काम त्याच्या पत्रांनींच पुष्कळसें केलें. अशा माणसानें यादी दिली आणि ती पुढें चालत राहिली. त्या यादींतील ३१ हा घातांक बरोबर असल्याचें ऑयलरनें १७७२ सालीं सिद्ध केलें. ६७ विषयीं मात्र मर्सेनच्या शब्दापलीकडे कोणाच्या हातीं कांहीं नव्हतें.

आपल्या शास्त्रकारांनीं ज्ञानाचीं जीं साधनें मानलीं आहेत त्यांत शब्दप्रमाणाचें स्थान मोठें आहे. परंतु शब्दास प्रमाण म्हणतांना नैयायिकांनीं एक अट घातली आहे: बोलणारा आप्त असला पाहिजे. येथें आप्त म्हणजे नात्यागोत्याचा नव्हे; ज्यानें ती वस्तु यथार्थ जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. यांतील दुसरें लक्षण मर्सेनच्या ठिकाणीं होतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. लोकांस फसवून त्याला कांहींच मिळावयाचें नव्हतें. उणीव होती ती पहिल्या लक्षणाची. पंधरा-वीस अंकांची संख्या मूळ आहे कीं नाहीं हें तपासावयास सगळा काळहि पुरा पडणार नाहीं, अशा अर्थाचें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें होतें. आणि तरीहि एकवीस अंकांच्या संख्येविषयीं त्यानें निकाल देऊन टाकला. तो त्याचा अंदाज होता. अंदाज करणें हा दोष नव्हे. त्याच्यावांचून कोणतेंहि शास्त्र पुढें पाऊल टाकीत नाहीं, आणि मर्सेननें ही यादी दिली नसती तर कदाचित् ६७ कडे कोणाचें लक्षहि गेलें नसतें. अंदाज हा अंदाज म्हणून न सांगतां निकाल म्हणून सांगितला, एवढाच त्याचा दोष. पण हाच दोष आपण सर्वजण, हेतु शुद्ध असतांना, रोज करीत असतों; आणि हेतु शुद्ध असल्यामुळेंच तो आपल्या लक्षांत येत नाहीं.

दुसरें उत्तर १८७६ सालीं आलें. एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें दाखविलें कीं, ही संख्या मूळ नव्हे, संयुक्त आहे. मौज अशी कीं, तिचा एकहि अवयव त्याला ठाऊक नव्हता. हें कसें शक्य आहे, असें वाचक विचारतील. ल्यूकाच्या रीतीस डेरिक हेन्री लेहमर यानें १९३० सालीं जें सोपें रूप दिलें, त्यानें ही गोष्ट लहान संख्येवर समजून घेतां येते. प्रथम ४ हा अंक घ्यावा. त्याचा वर्ग करून २ वजा करावे, १४ आले. पुन्हां वर्ग करून २ वजा करावे, १९४ आले. असेंच पुढें चालावें, आणि फळ वाढूं लागलें म्हणजे आपल्या संख्येनें भागून केवळ बाकी ठेवावी. घातांकाहून एक कमी इतक्या क्रमांकाच्या पदाची बाकी शून्य आली तर संख्या मूळ. न आली तर संयुक्त. घातांक ५ असतां संख्या ३१. पदें ४, १४, मग १९४ ची बाकी ८, आणि ८ च्या वर्गांतून २ गेले म्हणजे ६२, ज्यास ३१ नें निःशेष भाग जातो. चौथी बाकी शून्य आली. ३१ मूळ ठरली. घातांक ११ असतां संख्या २०४७. तिची दहावी बाकी १७३६ येते. शून्य नाहीं, म्हणून २०४७ संयुक्त. या साऱ्या हिशेबांत २३ किंवा ८९ यांचें कोठें नांवहि आलें नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों. अग्नि डोळ्यांनीं पाहिलेला नसतो. ल्यूकाचें ज्ञान या जातीचें होतें. संख्येचे तुकडे पडतात हें निश्चित, पण ते तुकडे कोणते हें अज्ञात. कित्येकांस असलें ज्ञान अर्धवट वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. अनुमानाची साखळी सांधे तपासून घेतलेली असेल तर ती प्रत्यक्षापेक्षां दुबळी मानण्याचें कारण नाहीं. पण अनुमान समजावून घेण्यास शिक्षण लागतें, आणि जुना शब्द सोडावयास मन लागतें. १८८३ सालीं पेर्वुशिन या रशियन धर्मोपदेशकानें ६१ हा घातांक मूळ संख्या देतो असें सिद्ध केलें. मर्सेनच्या यादींत ६१ नव्हता, ६७ होता. तेव्हां ६७ हा ६१ चाच मुद्रणदोष असावा, असा तर्क कांहींनीं केला! वडील माणसाचा शब्द राखण्याकरितां खिळे जुळविणाऱ्याच्या माथीं दोष मारावयाचा, ही तऱ्हा आपल्याकडे घरोघर पाहावयास मिळते. पुढें ८९ व १०७ हे घातांकहि यादींत असावयास हवे होते आणि २५७ असावयास नको होता, असें ठरलें. तेव्हां मुद्रकाची सुटका झाली.

तिसरें उत्तर न्यूयॉर्क येथें ता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेंत मिळालें. कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल यांचा निबंध त्या दिवशींच्या कार्यक्रमांत होता. एरिक टेंपल बेल या गणितज्ञ लेखकानें पुढें सांगितलेली हकीकत अशी कीं, कोल एक शब्दहि न बोलतां फळ्याकडे गेले. दोनाचा सदुसष्टावा घात त्यांनीं मांडला, त्यांतून एक वजा केला. मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूस १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ या दोन संख्या लिहून त्यांचा गुणाकार रीतसर करून दाखविला. दोन्हीं फळें एक आलीं. कोल तसेच मुकाट्यानें जागेवर जाऊन बसले आणि सभेनें टाळ्या वाजविल्या. हे अवयव शोधावयास किती काळ लागला, असें बेलनें पुढें विचारलें तेव्हां, तीन वर्षांचे रविवार, असें कोल यांनीं उत्तर दिलें म्हणतात. बेलची लेखणी रंग भरण्याच्या कामीं कांहींशी उदार होती. म्हणून त्या मौनाची व त्या टाळ्यांची हमी आम्ही घेत नाहीं. गुणाकाराची मात्र घेतों.

या शोधांत श्रम केवढे होते याची थोडी कल्पना देतों. या संख्येचा कोणताहि अवयव १३४ च्या एखाद्या पटीहून एकानें अधिक असलाच पाहिजे, असा नियम आहे. लहान अवयव या नियमांत १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीनंतर बसतो. ओळीनें एकेक घेऊन भागाकार करीत बसलें असतें तर तीन वर्षांचेच काय, पण जन्माचे रविवार पुरले नसते. कोल यांनीं वर्गांच्या बाक्यांचे नियम लावून चाळणीमागून चाळणी धरली आणि भुसा बाजूस काढला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण तें कांकण हातांत येण्यास कधीं कधीं तीन वर्षें लागतात.

कोल यांच्या उत्तराचा विशेष हा कीं, त्यास आप्तत्वाची गरज नाहीं. कोल हे थोर प्राध्यापक होते कीं नव्हते, त्यांचा स्वभाव सरळ होता कीं वाकडा, हें न विचारतां कोणालाहि तें उत्तर तपासतां येतें. आपल्या जुन्या पंतोजींच्या पद्धतीनें प्रथम नवाचा ताळा पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे शेवटीं १. दुसऱ्याची ६४, म्हणजे शेवटीं १. गुणाकाराची १०९, म्हणजे शेवटीं १. ताळा जमला. पण ताळा जमला एवढ्यानें गुणाकार बरोबर ठरत नाहीं; उत्तरांतील दोन अंकांची अदलाबदल झाली असती तरी तो तसाच जमला असता. ताळा चुकला तर चूक निश्चित. जमला तर केवळ संशय थोडा कमी झाला. व्यवहारांतल्या आपल्या बहुतेक खातरजमा या ताळ्याच्या जातीच्या असतात, आणि आपण त्यांना पुरा पुरावा समजून चालतों.

येथें एखादा नैयायिक हरकत घेईल कीं, गुणाकार करून पाहणें हें कांहीं डोळ्यांनीं घट पाहण्यासारखें प्रत्यक्ष नव्हे. हरकत योग्य आहे. आम्ही प्रत्यक्ष हा शब्द येथें थोडा सैल वापरीत आहों: ज्याचा प्रत्येक टप्पा ज्याला त्याला स्वतः पाहतां येतो, एवढ्याच अर्थानें.

आतां एक खोल प्रश्न उरतो. १६४४ सालीं, मर्सेन मूळ म्हणत असतां, ती संख्या काय होती? केंब्रिजचे हार्डी यांचा पक्ष असा कीं, गणितांतील सत्य आपल्या मनाबाहेर स्वतंत्र उभें आहे. आपण तें केवळ पाहतों. हॉलंडमधील ब्राउवर यांचा पक्ष असा कीं, गणित ही मनाचीच रचना आहे, आणि जें रचून दाखवितां येत नाहीं तें आहे असें म्हणूं नये. हा वाद मोठा आहे. पण आमच्या संख्येपुरता तो मिटण्यासारखा आहे. एकामागून एक संख्येनें भागून पाहण्याची क्रिया कितीहि लांब असली तरी तिला शेवट आहे. आणि ज्या क्रियेस शेवट आहे तिचें फळ आधींच ठरलेलें आहे असें मानण्यास ब्राउवर यांचीहि हरकत नसावी. म्हणजे मर्सेन बोलला तेव्हांहि ती संख्या संयुक्तच होती. सव्वादोनशें वर्षें जगानें तिला मूळ म्हटलें म्हणून तिचा एक अवयव रेसभरहि हलला नाहीं. सत्यास आपल्या संमतीची आवश्यकता नाहीं. म्हणूनच, आपण खोटें बोललों तर सत्याचें नुकसान होतें असें जें म्हणतात तें बरोबर नव्हे. नुकसान होतें तें आपल्या शब्दाचें, आणि त्या शब्दावर विसंबणाऱ्या माणसांचें.

कोणी म्हणेल, हे सर्व श्रम आतां इतिहासजमा झाले. जें कोल यांनीं तीन वर्षांत केलें तें आजचें साधें गणकयंत्र निमिषांत करतें. खरें आहे. पण यंत्रानें प्रश्न सुटला नाहीं. तो उलट बिकट झाला. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत त्या वेळेपर्यंतची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या जाहीर झाली. तीहि मर्सेनच्याच जातीची, घातांक १३,६२,७९,८४१. अमेरिकेंतील ल्यूक ड्युरंट यांनीं, १९९६ पासून चालत आलेल्या एका स्वयंसेवी सहकारी उपक्रमांत, ती शोधून काढली. तिचे अंक ४,१०,२४,३२० आहेत. पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांहून अधिक पानें लागतील. ही संख्या मूळ आहे हें कोणाहि मनुष्यास लेखणीनें तपासतां येणार नाहीं, अगदीं शोधकर्त्यालाहि नाहीं. म्हणजे प्रत्यक्षापर्यंत पोंचलेलें आपलें ज्ञान पुन्हां शब्दाकडेच वळलें कीं काय?

वळलें, पण मर्सेनच्या काळच्या शब्दाकडे नव्हे. या वेळीं संख्या जाहीर करण्यापूर्वीं ती निरनिराळ्या यंत्रांवर आणि निरनिराळ्या आज्ञावलींनीं पुनःपुन्हां तपासण्यांत आली. रीत उघडी ठेवण्यांत आली. ज्याच्यापाशीं साधन असेल त्यानें ती स्वतः पडताळावी, अशी मोकळीक ठेवण्यांत आली. मर्सेननें आपला निकाल सांगितला, पण वाट सांगितली नाहीं. आजचा शब्द वाटेसह येतो, निदान यावयास हवा. शब्दप्रमाणावांचून मनुष्याचें चालत नाहीं. रोग्यास औषध रसायनशाळेंत तपासून घेतां येत नाहीं, आणि अध्यापकास वर्गांत सांगावयाचें सर्वच स्वतः सिद्ध करून पाहतां येत नाहीं. प्रश्न शब्द घ्यावा कीं घेऊं नये हा नाहींच. तो शब्द कोठून आला, त्याच्या मागें कोणी खपलें आहे काय, आणि पडताळण्याची वाट उघडी आहे कीं बंद, हे प्रश्न आहेत.

यांवरून आमच्या मतें दोन कर्तव्यें निघतात. बोलणाऱ्याचें कर्तव्य हें कीं, त्यानें आपलें विधान कोणत्या प्रमाणावर उभें आहे तें विधानाबरोबरच सांगावें. ‘मीं पाहिलें’, ‘मीं यावरून अनुमान केलें’, ‘मीं अमक्याकडून ऐकलें’, आणि ‘मला आपलें असें वाटतें’, हीं चार निरनिराळीं वाक्यें आहेत, आणि सुदैवानें चारहि शुद्ध मराठींत आहेत. ऐकणाऱ्याचें कर्तव्य हें कीं, चौथ्या वाक्यास पहिलें समजून त्यानें तें पुढें सांगूं नये. आज कोणतीहि सांगोवांगीची गोष्ट हातांतील यंत्रावरून एका घरांतून हजार घरीं पोंचावयास घटकाभरहि लागत नाहीं. पुढें धाडणाऱ्याचा हेतु बहुधा शुद्धच असतो, जसा मर्सेनचा होता. परंतु त्या गोष्टीपायीं शेजाऱ्याचें नांव खराब होतें, आजाऱ्याचें औषध बंद पडतें, दोन जमातींत वितुष्ट येतें. संख्या बिचारी निर्विकार होती, तिला मूळ म्हटल्याचें दुःख झालें नाहीं. माणसांचें तसें नाहीं.

ज्याला प्रत्येक गोष्ट तपासतां येत नाहीं त्यानें निदान एखादी तरी शेवटपर्यंत तपासून पाहावी, असें आम्हांस वाटतें. तपासणें म्हणजे काय, त्यास किती वेळ लागतो आणि मधेंच किती वेळां ‘आतां पुरे, बरोबरच असेल’ असा मोह होतो, हें एकदां अनुभवलें म्हणजे ‘मला ठाऊक आहे’ हें वाक्य जिभेवर येतांना मनुष्य क्षणभर थबकतो. मुलांना शिकवावयाची ही गोष्ट सनावळीपेक्षां महत्त्वाची आहे. नऊ अंकी संख्येनें बारा अंकी संख्येस गुणावयास अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागूं नये. वाचकांपैकीं ज्यांस येत्या रविवारीं सवड असेल त्यांनीं कागद घेऊन, घरांतील मुलांस जवळ बसवून, कोल यांचा गुणाकार स्वतः करून पाहावा. आमच्या शब्दावर ठेवूं नये.